डाव्या गुडघ्याची दांडी

माझ्या थोरल्या भावाकडं एक गिटार आहे आणि तिला टेबलासारखे चार पाय आहेत. हे आधीच सांगून टाकतो. गिटार म्हटलं की लोकांना गळ्यात पट्टा अडकवलेला केसाळ पोरगा दिसतो, आणि आमचा दादा तसा नाही. तो एकाहत्तर वर्षांचा आहे, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालाय, आणि केस म्हणावेत असे त्याच्या डोक्यावर राहिलेले नाहीत.

त्याची गिटार आडवी असते. तो तिच्यापुढं स्टुलावर बसतो, डाव्या हातातला लोखंडी कांबेचा तुकडा तारांवरून सरकवतो आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतो. खाली तीन पट्ट्या आहेत, त्या डाव्या पायानं दाबायच्या. उजवा पाय आवाज कमीजास्त करायच्या पट्टीवर. शिवाय मांड्यांच्या आजूबाजूला चार दांड्या लोंबतात, त्या गुडघ्यांनी इकडं तिकडं ढकलायच्या. पट्टी दाबली की तार चढते, दांडी ढकलली की बहुतेक उतरते. म्हणजे दोन हात, दोन पाय आणि दोन गुडघे एकाच वेळी कामाला लागतात आणि तोंड तेवढं रिकामं राहतं. दादा ते मिटून घेतो.

फौजेच्या बँडमध्ये असताना एका साहेबानं ती परदेशातून आणली होती. साहेबाला ती वाजवता येईना, म्हणून निवृत्त होताना त्यानं ती दादाला देऊन टाकली. दादा ती घेऊन गावाकडं आला. गेली पंचवीस वर्षं तो मलकापुरात राहतो आणि एकादशीला भजनी मंडळाला तिची साथ करतो. वीणा, पखवाज, टाळ आणि ही. मंडळात तिला इस्त्रीचं टेबल म्हणतात. एकदा शेजारची एक बाई खरोखरच साडी घेऊन आली होती.

मी विट्यातला जॉबर. यंत्रमाग बिघडला की उघडून दुरुस्त करतो तो जॉबर. माझ्या बरोबरीची निम्मी पोरं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगली, मी लोखंडात राहिलो. चाळीस वर्षं हेच केलं, अजूनही कुणी बोलावलं तर जातो. विट्यात माझ्या कामाला नावं ठेवणारा माणूस सापडणार नाही. तो मलकापुरात आहे. दादाच्या घराचं लोखंडी फाटक मी माझ्या हातानं करून दिलं, बारा वर्षं झाली. बसवून झाल्यावर दादानं ते दोनदा उघडलं, दोनदा लावलं आणि म्हणाला, कडी जरा वर बसली. त्यावर मी काही बोललो नाही. आजही बोलत नाही. पण विसरलेलोही नाही.

विट्याहून मलकापूर एसटीनं दीड तास. एवढ्या अंतरावर राहून आम्ही वर्षाला दोनदा भेटत होतो, एकदा दिवाळीत आणि एकदा नात्यात कुणी वारलं की. एखाद्या वर्षी कुणी वारलं नाही तर एकदाच.

गेल्या थंडीत दादा न्हाणीत घसरला आणि त्याचं डाव्या खुब्याचं हाड मोडलं. कराडच्या डॉक्टरांनी आत रॉड घातला आणि हाड नीट जुळलं. पण पाय बाजूला जाईना. पुढं टाकला तर जायचा, मागं यायचा, बाहेरच्या बाजूला मात्र बोटभरही सरकायचा नाही. डॉक्टर म्हणाले, व्यायाम केला तर सरकेल. व्यायाम करून घ्यायला रोज अकरा वाजता एक मुलगी यायची, पाटणकडची, फिजिओथेरपी शिकलेली. ज्या माणसानं उभ्या जन्मात हजारभर रंगरूटांना कवायत करायला लावली, तो तिच्यापुढं चादर गळ्यापर्यंत ओढून पडून राहायचा. पाय धरला की ओरडायचा. ती बिचारी उद्या बघू म्हणून जायची.

एके दिवशी वहिनींचा फोन आला. त्या मला फोन करतात तेव्हा कुणीतरी वारलेलं असतं, त्यामुळं मी उभा राहूनच घेतला. त्या म्हणाल्या, "आवं भावजी, गिटारीवर चादर घातलीया त्यांनी. कुणाला बी द्या म्हणत्यात. आता तुमीच या."

गेलो. दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, गिटारीकडं पाठ करून. वहिनींनीच सगळं सांगितलं. बरं वाटायला लागल्यावर तो एकदा स्टुलावर जाऊन बसला होता. पट्ट्या दाबता आल्या, कारण पाय पुढं जात होता. पण डाव्या गुडघ्यानं बाहेर ढकलायची एक दांडी असते, तिच्यापर्यंत गुडघा पोचेना. ती दांडी ढकलली की दोन तारा अर्धा सूर खाली येतात. चरण संपताना सूर जो खाली येऊन टेकतो, तो तिच्यामुळं. ती नाही तर प्रत्येक चरण अधांतरी. दादानं तीन वेळा प्रयत्न केला, चौथ्यांदा चादर टाकली. त्यानंतर तो जेवणाखेरीज खुर्चीतून उठत नव्हता. वहिनींना गिटारीची काळजी नव्हती. तो आता खुर्चीतून उठणारच नाही, याची होती. मलाही तसंच वाटलं, आणि मला भीती वाटली. दादा मला कधी म्हातारा दिसला नव्हता.

मी चादर काढली, खाली वाकून मोबाइलचा उजेड टाकला आणि पहिल्यांदाच तिचं पोट नीट बघितलं. बघून जीव भांड्यात पडला. सळया, आडव्या दांड्या, छोटे छोटे हात, स्प्रिंगा. हा एक लहान मागच होता. गुडघ्यानं दांडी ढकलली की वरची आडवी दांडी फिरते, तिच्यावरचा हात सळई ओढतो आणि सळई पार उजव्या टोकाला जाऊन तार सैल करते. उजव्या गुडघ्यानं आत ढकलायचीही एक दांडी होती आणि दादा तिचा फारसा वापर करत नसे. तर डावीचं काम उजवीला द्यायचं. डावा पाय नाही येत बाहेर, तर नको येऊ दे.

मी हे दादाला सांगितलं. दादा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "जमंल का रं तुला?"

मी काही बोललो नाही. फाटकाच्या वेळीही बोललो नव्हतो.

पुढच्या रविवारी हत्यारांची पिशवी घेऊन आलो. कॉटवर वाकळ टाकली आणि गिटार उलटी निजवली. प्रत्येक दांडीच्या सांध्यात हळदकुंकू वाळून बसलं होतं. दर खंडेनवमीला वहिनी प्रत्येक पट्टीला आणि प्रत्येक दांडीला वेगवेगळी बोटं लावतात, कारण त्यांना पाय लागतात आणि वाद्याला पाय लागणं बरं नाही. दादाही वाजवायला बसताना चपला बाहेर काढतो, पट्ट्यांना हात लावून कपाळाला लावतो, आणि मग दोन तास त्यांना लाथा घालतो. मी आधी जुन्या टूथब्रशनं पंचवीस वर्षांचं हळदकुंकू काढलं. वहिनींनी ते कागदात घेऊन तुळशीत टाकलं.

काम कसं करायचं ते मोबाइलवर बघून ठेवलं होतं. एक दाढीवाला गोरा म्हातारा हेच काम करून दाखवतो. तो सारखा बोलतो, म्हणून मी आवाज बंद करून बघितलं. हात काय करतायत ते बघायला इंग्रजी लागत नाही. त्यानं केलं तसं मी केलं. डावीकडचे दोन हात काढून उजवीकडच्या दांडीवर चढवले, सळया तिकडं वळवल्या आणि डावी लोंबती दांडी पायात येऊ नये म्हणून पार काढून ठेवली. चार तास लागले.

मग मी असं काही केलं जे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि जे विट्यातला कुठलाही जॉबर करेल. मी सगळा प्ले काढला. प्ले म्हणजे सांध्यातली ढिलाई. मागात प्ले राहिला की आडवा धागा घेऊन धावणारा धोटा उडतो. मी धोटा उडून समोरच्या भिंतीचा गिलावा फोडताना बघितलाय आणि त्या भिंतीपाशी त्या वेळी कुणी उभं नव्हतं एवढंच नशीब. चाळीस वर्षं मी प्लेच्या मागावर आहे. दादाच्या गिटारीत प्रत्येक सळई टोकाला किंचित खुळखुळत होती. मला वाटलं, झिजली. सळईच्या टोकाला पांढरी नायलॉनची टोपी असते, ती फिरवली की सळई आवळते. मी हलवलेल्या दोन तर आवळल्याच, उरलेल्याही सगळ्या आवळल्या. पिनेइतकी जागा ठेवली नाही. बोटानं दांडी हलवून बघितली आणि मला फार समाधान वाटलं.

दादाला स्टुलावर बसवलं. त्यानं पट्ट्यांना हात लावून कपाळाला लावला, तारा जुळवल्या, एक पट्टी दाबली, सोडली, उजव्या गुडघ्यानं नवी दांडी ढकलली, सोडली. परत तारा जुळवल्या. परत दाबलं. असं अर्धा तास चाललं. मला काही फरक कळत नव्हता. शेवटी तो म्हणाला, "बेसूर हाय."

मी म्हणालो, अजून जुळव. तो म्हणाला, जुळवली की परत बिघडतीया, तू काय केलंस हिला. मी म्हणालो, जे काय केलं ते एक नंबर केलंय, कुठं सुताएवढा प्ले दाखव. तो म्हणाला, मला प्ले कळत नाही, मला सूर कळतो. बारा वर्षं गिळलेली कडी माझ्या घशाशी आली.

"तुजं कान म्हातारं झाल्यात," मी म्हणालो.

पाय गेलेल्या माणसाला असं बोलायचं नसतं. बोललो तेव्हाच ते मला कळलं. वहिनी चहा ओतत होत्या, त्या थांबल्या. दादा भिंत धरून उठला, त्यानं स्वतःच्या हातानं गिटारीवर चादर घातली, चारी बाजूंनी नीट खोचली आणि खुर्चीत जाऊन बसला. चहा न घेता मी विट्याची गाडी धरली.

पंधरा दिवस फोन केला नाही. त्यानंही केला नाही. मी येताजाता बायकोला सांगत राहिलो की काम चोख झालंय. ती म्हणाली, तुमी रोज सांगताय म्हणजे झालेलं नसणार. एकादशी आली आणि गेली. त्या संध्याकाळी मलकापुरात भजन इस्त्रीच्या टेबलाशिवाय चाललं असेल, हे मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली.

पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. आतून दादाच्या ओरडण्याचा आवाज येत होता, म्हणजे व्यायाम चालू होता. मी बाहेर कट्ट्यावर बसलो आणि मोबाइलवर तो दाढीवाला परत लावला, आवाज बंद करून. माझं कुठं चुकलं ते त्याच्या हातांत दिसेना. ती पाटणची मुलगी हरून बाहेर आली, मी काय बघतोय ते तिनं विचारलं आणि माझ्या हातातला मोबाइल घेऊन आवाज सुरू केला. मला हे सुचलं नव्हतं. तिला इंग्रजी येत होतं, तिचं सगळं शिक्षणच त्यात झालेलं. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "काका, ते म्हणतायत, सळईला थोडी ढील ठेवाच. सगळं घट्ट आवळलं तर तार आपल्या जागेवर परत येत नाही."

मी तिला ते तीनदा लावायला लावलं. तिन्ही वेळा तो तेच म्हणाला.

मग मला सगळा घोटाळा दिसला. चढलेली तार पुरती उतरत नव्हती, उतरलेली पुरती चढत नव्हती, कारण मी त्यांना मोकळं सोडलंच नव्हतं. तो खुळखुळाट झिजेचा नव्हता, बनवणाऱ्यानं ठेवलेला होता. दादाचे कान पंधरा दिवसांपूर्वीही शाबूत होते. आत जाऊन मी कुणाशी न बोलता गिटार उलटी केली आणि एकेक टोपी अर्धा आटा सैल करत गेलो. वहिनींनी त्या मुलीला पोहे खाल्ल्याशिवाय जायचं नाही म्हणून बसवून घेतलं होतं. पोहे होईपर्यंत माझं काम झालं.

"चूक माझी हुती," मी म्हणालो. खरं म्हणजे मी गिटारीच्या खाली डोकं घालून म्हणालो, पण दादाला ऐकू गेलं. त्याचे कान चांगले आहेत.  तो उठला आणि स्टुलावर येऊन बसला.

त्यानं पट्ट्यांना हात लावला. तारा एकदाच जुळवल्या. पट्टी दाबली, सोडली, दांडी ढकलली, सोडली, आणि माझ्याकडं न बघता वाजवायला लागला. एक संथ अभंग होता. चरण संपत आला की उजवा गुडघा आत जायचा आणि सूर खाली येऊन टेकायचा. वहिनी दारात उभ्या होत्या, हातात पळी तशीच. मला संगीतातलं कळत नाही, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी इथं लिहितोय, मलकापुरात बोललेलो नाही.

ती मुलगी मात्र त्याच्या हातांकडं बघतच नव्हती. पोह्याची बशी हातात धरून ती वाकून टेबलाखाली बघत होती. मीही वाकलो. दादाचा उजवा गुडघा नवी दांडी ढकलत होता, आणि दर वेळी त्याच्या जोडीला डावा गुडघा बाहेर जात होता. तिथं दांडी नव्हती. ती मी काढून पिशवीत ठेवली होती. तरी पंचवीस वर्षांच्या सवयीनं गुडघा तिला शोधायला जात होता. एक बोट, दोन बोटं, चरण संपताना चांगली तीन बोटं. दोन महिने ती मुलगी त्याच्याकडं एवढंच मागत होती. तिनं मला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं.

अभंग संपल्यावर तिनं विचारलं, काका, दुखलं का. दादा म्हणाला, कुठं. मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, ती दांडी परत डावीकडं बसवा.

मी तीनदा दीड दीड तासाची एसटी करून आलो होतो, चार तास खपून ती उजवीकडं नेली होती आणि पंधरा दिवस अपराधी होऊन फिरलो होतो. हे सगळं मी तिला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, हो, पण परत डावीकडं बसवा. दादा म्हणाला, "मी आदीच म्हनत हुतो." तो असलं काहीही म्हणत नव्हता.

बसवली. पण गुडघा तीन बोटंच जात होता आणि दांडी पुष्कळ लांब होती. म्हणून मी सागाचा दोन इंच जाड तुकडा घेतला, त्यावर जुन्या चपलेचं कातडं मारलं आणि तो दांडीला आतून बांधला, म्हणजे दांडीच गुडघ्याजवळ आली. ठरलं असं की दर रविवारी मी येऊन त्यातलं एक सूत लाकूड रंध्यानं काढायचं. गुडघ्याला तेवढं जास्त जावं लागेल. दोन इंचाचे सोळा सूत, म्हणजे सोळा रविवार.

मी सगळे रविवार गेलो. पहिले चार-पाच दादा मला शिव्या घालायचा. त्या मुलीला घातल्या नाहीत एवढ्या मला घातल्या. फौजेतल्या शिव्या वेगळ्याच असतात, हिंदीत, आणि त्यांत आईबाप येतात. आमचे आईबाप एकच आहेत हे मी त्याला सांगितलं. पण अभंग पुरा करायचा तर सूर खाली आणावाच लागे, आणि सूर खाली आणायचा तर पाय बाहेर न्यावाच लागे, त्यामुळं तो नेई. सहाव्या रविवारी त्यानं वॉकर कोपऱ्यात ठेवून दिला. नवव्या आठवड्यात एकादशीला तो देवळात गेला. टेबल नेताना चौघांनी चार पाय धरले आणि दादा मागून काठी टेकत, टेबल नीट धरा म्हणून ओरडत गेला. वाजवून झाल्यावर वीणेकरी म्हातारे म्हणाले, तुमच्याबिगर चरणाला बूड नव्हतं. दादा म्हणाला, हूं.

आणि मी काम करीत असताना तो शेजारी खुर्ची ओढून बसायचा. आधी नुसता बसायचा, मग बोलायला लागला. फौजेतलं काही, आईचं काही, मी लहानपणी विहिरीत पडलो होतो ते. त्यानं मला काढलं होतं असं तो म्हणतो, मला आठवतंय त्याप्रमाणं त्यानंच ढकललं होतं. एवढं आम्ही साठ वर्षांत बोललो नव्हतो.

सोळाव्या रविवारी लाकूड संपलं. नुसतं कातडं राहिलं, ते मी काढून टाकलं. गुडघा मूळच्या दांडीला मूळच्या जागी लागला. वहिनींनी दांडीला हळदकुंकू लावलं. मी हत्यारं पुसून पिशवीत भरली, काम संपल्यावर भरतात तशी. गाडीत मला वाईट वाटत होतं आणि त्याचं कारण मला नीट माहीत होतं.

बुधवारी दादाचा फोन आला. आयुष्यात त्यानं मला स्वतःहून केलेला हा बहुधा दुसरा फोन. म्हणाला, "दांडी जरा हालतीया. आयतवारी येऊन बघ."

गेलो. कॉटवर वाकळ टाकली, गिटार उलटी केली, मोबाइलचा उजेड टाकला. दांडीत दोष नव्हता. असता तर मला दिसला असता. दादा खुर्ची ओढून शेजारी बसला होता. मी स्क्रू एक आटा सैल केला आणि तोच एक आटा आवळला. दादा नीट बघत होता, आणि पंचवीस वर्षं हेच वाद्य वाजवणाऱ्या माणसाला मी काय केलं ते कळलं नसेल असं नाही. "जरा हालत हुती," मी म्हणालो. "मग मी काय म्हनलो," दादा म्हणाला.

ती अजूनही दर आठवड्याला हलते. मी दर रविवारी जातो, सैल करतो, आवळतो, आणि जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत येतो. निघताना फाटक लावून घेतो. त्याची कडी खरंच जरा वर बसलीय. खाली घ्यायला अर्धा दिवस पुरेल, पण ते काम मी अजून काढलेलं नाही. ते पुढच्यासाठी राखून ठेवलंय.